ब्लूमा काही बोलली नाही

ब्लूमाची गेनेंडलबद्दल एकच तक्रार होती. तिच्याबद्दल तक्रार करायला काही मिळायचंच नाही.

आठ वर्षांपूर्वी गेनेंडल समोरच्या दारात राहायला आली. जेरुसलेममधली जुनी दगडी इमारत, तिसरा मजला, दोन दारांत चार पावलांचं अंतर. एका घरात कांदा परतला की दुसऱ्या घरात डोळ्यांना पाणी यावं इतका शेजार. गेनेंडलला मुलं नऊ. नऊ लेकरांची आई थोडी तरी विस्कटलेली असावी की नाही? पण हिच्या पोरांचे शर्ट पांढरेशुभ्र, शुक्रवारी दुपारी एकला हिचा शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, सगळा स्वयंपाक तयार, आणि बाई खिडकीत बसून चहा पीत असायची. ब्लूमाची दोन मुलं लग्न होऊन गेलेली, घरात नवरा आणि एकच मुलगी, तरी संध्याकाळी शब्बाथ लागल्याचा भोंगा वाजेपर्यंत तिच्या हाताला पीठ असायचं. गेनेंडलच्या कपड्यांच्या दोरीवर ऊनसुद्धा आधी पडायचं. त्याला इमारतीची दिशा कारण होती, हे ब्लूमाचा नवरा झेलिग यानं तिला दोनदा समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही.

बरं, बाई खवचट असती तरी एक समाधान होतं. पण ती मनानं चांगली! ब्लूमाचा पाय मोडला तेव्हा गेनेंडलकडून तीन आठवडे रोज डबा आला. जेवण चवीलाही चांगलं असायचं, हे दुःख आणखी निराळं.

पण शर्ट, स्वयंपाक आणि ऊन हे सगळं वरवरचं होतं. ब्लूमाच्या पोटात खरं दुखायचं ते शिफ्रावरून. शिफ्रा तिची धाकटी, बावीस संपत आलेली, हुशार, कामसू, जरा अबोल. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली बाबागाड्या ढकलत फिरत होत्या आणि शिफ्रा अजून दुसऱ्यांच्या लग्नांत नाचत होती. चार स्थळं आली आणि चारही परत गेली. शिफ्रा कधी कुरकुरली नाही. तिच्या वाटची कुरकुर ब्लूमाच करत असे, उशीत तोंड खुपसून.

मत्सर हा दुर्गुण आहे हे ब्लूमाला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट ती त्यावर रीतसर काम करत होती. दर मंगळवारी दुपारी मिंचाबाईंकडे आठ बायका जमायच्या. मिंचाबाई ऐंशीच्या घरातल्या, एवढ्याशा, पुढ्यात सूर्यफुलाच्या बियांची वाटी. स्वभाव घासूनपुसून चांगला करणं हीच माणसाची जन्मभराची नोकरी, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला एक दुर्गुण घ्यायचा, त्यावर प्रत्येकीनं एक छोटासा नेम धरायचा आणि मंगळवारी प्रामाणिकपणे सांगायचं, जमलं की नाही. मागचा महिना रागाचा होता. त्या महिन्यात ब्लूमानं दोन ताटल्या फोडल्या. हा महिना मत्सराचा, आणि ब्लूमानं नेम धरला होता: महिनाभर कुणाबद्दल एकही वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही.

पहिल्याच गुरुवारी फोन आला.

ब्लूमा कुगलसाठी, म्हणजे मिरी घातलेल्या शेवयांच्या भाजलेल्या वडीसाठी, साखर जाळत होती. ही साखर मोठी मानी असते. एक क्षण दुसरीकडे बघितलंत की सोनेरीची काळी होते, मग सगळ्या शेवया कडू. म्हणून तिनं फोन खांद्यात धरला आणि डोळे कढईवर ठेवले.

"ब्लूमाबाई ना? मी बने ब्राकहून हाफनर बोलतेय. तुमच्या समोरच्या घरातल्या मुलीबद्दल जरा विचारायचं होतं. आमच्या मुलासाठी चौकशी चाललीय."

यात नवल काहीच नव्हतं. मुलामुलीची गाठ घालून देण्याआधी दोन्हीकडचे लोक शिक्षिका, मैत्रिणी, शेजारी, सगळ्यांना फोन करतात. शेजाऱ्याचा शब्द सोन्याचा, कारण भिंतीतून काय ऐकू येतं ते त्यालाच माहीत. नवल होतं ते कुणाच्या मुलीबद्दल विचारतायत याचं.

"कोण, गेनेंडलची हिंदा?"

"हो, हिंदा. वीस वर्षांची ना?"

वीस वर्षांची! आतल्या खोलीत शिफ्रा इस्त्री करत होती. इस्त्रीचा धपधप आवाज येत होता. कढईत साखर रंग बदलत होती.

हिंदाबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नव्हतं आणि चांगलं बोलायला जीभ वळेना. तेवढ्यात ब्लूमाला आपला नेम आठवला, आणि तिला अगदी सुटल्यासारखं वाटलं.

तिनं एक लांब उसासा टाकला. "हे बघा बाई, मी कुणाबद्दल बोलत नाही. माझा नेम आहे."

"म्हणजे... काही आहे का?"

"आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मला पापात पाडू नका."

"समजलं," हाफनरबाई हळूच म्हणाल्या. "तुमचे उपकार झाले. शब्बाथ सुखाचा जावो."

साखर काळीकुट्ट झाली होती. ब्लूमानं ती ओतून दिली, कढई घासली आणि नव्यानं साखर चढवली. पण मन कसं हलकं झालं होतं. एवढा मोठा मोह समोरून आला आणि आपण एक शब्द वाईट बोललो नाही! त्या दिवशीचा कुगल फार छान झाला.

रविवारी सकाळी जिन्यात हिंदा भेटली. डोळे सुजलेले, मान खाली. मागून गेनेंडल आली आणि घाईनं म्हणाली, "थंडी बाधलीय तिला." बाहेर तर मे महिन्याचं ऊन तापलं होतं. ब्लूमा म्हणाली, "मधाचा चहा दे." घरात येऊन दार लावलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचं जरा वाईटही वाटलं. मग तिनं दोन्ही बाजूला सारून भांडी घासायला घेतली.

मंगळवारी मिंचाबाईंकडे ब्लूमाची पाळी आली तेव्हा ती ताठ बसून बोलली. नावं न घेता, अर्थातच. एका मुलीच्या चौकशीचा फोन आला, त्या घराबद्दल आपल्या मनात किती दिवसांची जळजळ आहे, तरी आपण तोंड उघडलं नाही. बायका माना डोलवू लागल्या. एक म्हणाली, "वा! मला नसतं बाई जमलं."

मिंचाबाईंनी एक बी दातांत फोडली आणि विचारलं, "त्या मुलीत खोट काय आहे?"

"खोट?" ब्लूमा गोंधळली. "खोट काही नाही. गुणी पोरगी आहे."

"मग तू गप्प कशाबद्दल बसलीस?"

ब्लूमानं वाटीतली एक बी उचलली आणि परत ठेवली.

"सांग ना गं. वाईट बोलायचं नाही म्हणून माणूस गप्प बसतं. इथं वाईट काही नव्हतंच. मग तू गिळलंस ते काय होतं?"

मघाशी वा म्हणणारी बाई स्वतःची बांगडी फिरवत बसली.

"चांगलं," ब्लूमा म्हणाली. एवढा एकच शब्द. तो उच्चारताना तिला तो उसासा आठवला, त्या बाईचं ते "समजलं" आठवलं, जिन्यातले ते सुजलेले डोळे आठवले, आणि आपण एका पोरीचं घर वसण्याआधीच मोडलं हे तिला लख्ख कळलं. एक वाईट शब्द न बोलता, देवाचं नाव पुढे करून!

बायका गेल्यावर ती मागं राहिली. रडून रडून नाक लाल झालेलं. "आत्ता जाते आणि तिच्या आईचे पाय धरते. सांगते, मीच ती."

"अजिबात नाही," मिंचाबाई म्हणाल्या. "तिला माहीत आहे का कुणी केलं ते?"

"नसावं."

"मग? तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर द्यायचं? रोज दार उघडलं की तिला तुझं तोंड दिसणार. तुला हलकं वाटेल आणि तिला जन्मभर जड. ते काही नाही. आधी मोडलंयस ते जोडून ये. रडायचं ते नंतर रड, मी इथंच आहे." आणि बियांची वाटी तिच्यापुढं सरकवली. "खा. उपाशीपोटी कुणी सुधारत नाही."

हाफनरबाईंचा नंबर मिळवायला लग्नं जुळवणाऱ्या पेसियामावशीकडे जावं लागलं. मावशींच्या घरात दोन फोन, तीन चष्मे आणि शंभर मुलामुलींचे कागद. ब्लूमाला बघताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ये, ये, नेमवाली! अगं, शाळेनं चांगलं सांगितलं, मैत्रिणींनी चांगलं सांगितलं, सगळं जुळत आलं होतं. आणि समोरच्या दाराची बाई उसासा टाकते म्हणे! बने ब्राकमध्ये त्या उसाशाचे काय काय अर्थ काढले असतील, तुला कल्पना आहे? फिट येतात इथपासून सुरुवात झाली असेल!"

"मावशी, नंबर द्या. मी सांगते त्यांना."

"काय सांगशील? आता चांगलं बोललीस तर त्यांना वाटेल मुलीच्या आईनं रडून भेकून फोन करायला लावला. का गप्प बसलीस ते सांगितल्याशिवाय ती बाई ऐकायची नाही."

"का ते पण सांगेन."

मावशींनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. आवाज एकदम मऊ झाला. "ब्लूमा, तुझ्या शिफ्राचा कागद पण माझ्याकडेच आहे. आई मत्सरी आहे असं एकदा बने ब्राकमध्ये झालं ना, तर मी कितीही गोड बोलले तरी फोन वाजायचा नाही. तिकडच्या बायका एकमेकींना सांगितल्याशिवाय राहत नाहीत. पोरीचा विचार केलायस का?"

केला होता. रात्रभर दुसरं काही केलंच नव्हतं. एका पोरीचं मोडलेलं जोडायला दुसरीचं मोडायचं, आणि ती दुसरी आपली. हे असलं त्रैराशिक कुणी सोडवावं? पण मोडलं होतं ते आपण, हिंदानं नव्हे आणि शिफ्रानंही नव्हे. त्याचं उत्तर बदलत नव्हतं.

"नंबर द्या, मावशी," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन लावला.

"हाफनरबाई, मी ब्लूमा. हिंदाच्या समोरची. त्या दिवशी मी तुमच्याशी लबाडी केली."

"अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"तीच लबाडी. त्या मुलीत काहीच खोट नाही. काहीच."

पलीकडचा आवाज थंड झाला. "तिच्या आईनं सांगितलं का फोन करायला?"

"तिच्या आईला यातलं काही माहीत नाही. कधी कळूही देऊ नका, एवढी भीक घाला. मी गप्प बसले कारण मी जळत होते. माझी मुलगी तेवीस वर्षांची घरात बसलीय. समोरची पोर वीस वर्षांची, आणि तिच्यासाठी तुमचा फोन आला. माझ्याच्यानं चांगलं बोलवेना. म्हणून देवाधर्माच्या आड लपले. झालं. हे खरं कारण."

फोन कट झाला की काय असं ब्लूमाला वाटलं.

"असं कुणी फोनवर सांगत नाही हो," हाफनरबाई शेवटी म्हणाल्या. "बरं. मग आता सांगा. मुलगी कशी आहे?"

आणि ब्लूमा बोलू लागली. सुरुवातीला अडखळत, मग थांबेचना. तळमजल्यावरच्या आजोबांची बाजाराची पिशवी हिंदा वर आणून देते आणि पैसे परत द्यायला गेले की ऐकू न आल्यासारखं करते. तिला राग आला की ती घरात न ओरडता बाहेर जिन्यात येऊन बसते, आणि रागाचा पारा उतरला की मगच आत जाते. एकदा सव्वा तास बसली होती. तिला गाता येत नाही पण धाकट्या भावंडांना झोपवताना गाते, बेसूर, आणि ती झोपतात. गेल्या हिवाळ्यात शिफ्राच्या शेवटच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, त्या संध्याकाळी हिंदा दोन अंडी मागायला आली आणि दोन तास शिफ्रापाशी बसली. लग्नाचा विषय काढला नाही. दोघी हसत होत्या.

"तिच्या घरी अंडी होती," ब्लूमा म्हणाली. "त्याच सकाळी तिच्या आईनं तीस अंड्यांचा ट्रे वर आणला होता. मी बघितलं होतं."

"एवढं सगळं कसं काय लक्षात राहिलं तुमच्या?"

"जळणाऱ्याची नजर फार बारीक असते, बाई. त्या घरातलं चांगलं म्हणून जेवढं आहे, त्यातलं आठ वर्षांत एकही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही."

हाफनरबाई हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "आणि वाईट?"

"सकाळी उशिरा उठते. आणि कुगलमध्ये मिरी कमी घालते, आईवर गेलीय."

फोन ठेवून ब्लूमा वळली तर लोटलेलं दार उघडं होतं आणि शिफ्रा हातात घडी घातलेला शर्ट घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बावीस," शिफ्रा म्हणाली. "तेवीस पुढच्या महिन्यात. विकायला काढलंयस तर निदान वय तरी वाढवून सांगू नकोस."

"शिफ्रा, मी..."

"आई, तिच्याकडे खरंच अंडी होती?"

ब्लूमानं मान डोलावली. शिफ्रानं शर्ट खुर्चीवर ठेवला आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला. ती हसतेय की रडतेय ते आईला लवकर कळेना. मग कळलं की दोन्ही. "मला वाटलं होतं तिला खरंच केक करायचाय," ती म्हणाली. "मी नंतर विचारलंसुद्धा, केक कसा झाला म्हणून. छान झाला म्हणाली, गधडी!"

नंतर बऱ्याच वेळानं, शर्ट कपाटात ठेवता ठेवता, ती पाठमोरी म्हणाली, "जळण्यात माझं नाव घेतलंस ते आवडलं नाही मला. मी नव्हते जळत."

पुढं सगळं भराभर झालं. बने ब्राकहून मुलगा आला, पाचदा आला, सहाव्यांदा हो म्हणून गेला. शिफ्रासाठी मात्र त्या काळात एकही फोन वाजला नाही. तो उन्हाळा असाच चालला होता म्हणून, की बने ब्राकमध्ये काही पसरलं म्हणून, हे पेसियामावशींनाही सांगता येईना. ब्लूमाचा मत्सर गेला म्हणाल, तर तसं काही नाही. हिंदाच्या साखरपुड्याचा दिवस ठरल्याचं कळलं तेव्हा पोटात ओळखीची कळ आलीच. पण आता कळ आली की ती ताबडतोब कुणाला तरी गाठून गेनेंडलबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. मोठ्यानं, आणि खरी. झेलिग बिचारा ऐकून ऐकून थकला.

साखरपुड्याच्या दिवशी दुपारी चारला गेनेंडल खुर्च्या मागायला आली. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे दोन्ही आया मिळून ताटली फोडणार, पाहुणे सत्तर, खुर्च्या चाळीस. आज मात्र ती विस्कटलेली होती. डोक्याचा रुमाल वाकडा, बाहीला पीठ. आल्या आल्या तिनं ब्लूमाला मिठीच मारली.

"हाफनरबाईंनी सांगितलं मला! समोरच्या बाईनं तासभर माझ्या पोरीचं कौतुक केलं, म्हणून पुन्हा पुढं सरकलं म्हणे सगळं. अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं, म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?" ब्लूमानं कसंबसं विचारलं.

"आणखी काही नाही. का गं?"

"सहज."

गेनेंडल खुर्चीवर टेकली. "तू एवढं चांगलं बोललीस, पण मी काही तेवढी चांगली नाही, ब्लूमा. तुला म्हणून सांगते. आधी हे स्थळ मोडलं होतं. कुणीतरी आमच्याबद्दल भलतंसलतं सुचवलं. कोण, ते पेसियामावशी मेली तरी सांगत नाही. पोर आठवडाभर जेवली नाही गं. आपण रोज झोपताना म्हणतो ना, ज्यानं ज्यानं मला दुखावलं त्या सगळ्यांना मी माफ केलं? ते वाक्य मी तेव्हापासून गाळते. बाकी सगळी प्रार्थना म्हणते आणि तेवढं सोडते. जीभच उचलत नाही. आता सगळं नीट झालं, तरी उचलत नाही."

ब्लूमाच्या ओठांशी सगळं आलं. मीच ती. दोनच शब्द होते. ते बोलून टाकले असते तर किती सुटका झाली असती! पण आज, हिच्या पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी? तिनं ओठ घट्ट मिटले आणि ते दोन शब्द गिळले.

"आता म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"ते वाक्य. आता म्हणून टाक."

"आता? दुपारी चारला? सत्तर पाहुणे यायचेत!"

"म्हणूनच. पोरीच्या साखरपुड्याला मनात असलं काही घेऊन जाऊ नकोस. म्हण, गेनेंडल. मी आमेन म्हणते."

गेनेंडल तिच्याकडे बघत राहिली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. तिला काही कळलं का, हे ब्लूमाला आजतागायत माहीत नाही. मग तिनं हाताचं पीठ झटकलं, रुमाल सरळ केला, उभी राहिली आणि डोळे मिटून, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, ज्यानं कुणी मला दुखावलं, मुद्दाम की नकळत, बोलून की न बोलता, त्याला मी माफ केलं. माझ्यापायी कुणालाही शिक्षा होऊ नये.

"आमेन," ब्लूमा म्हणाली, आणि खुर्ची उचलायला म्हणून खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.